गाडी येईपर्यंत: गावानं आधी करायची तयारी आणि ऐन वेळची कामं

"मारुतीच्या देवळापाशी या, तिथं कुणालाही विचारा." रात्री पावणेदोनला एवढाच पत्ता मिळाला होता. गाव सापडलं, मारुतीही सापडला. पण पेशंट गावात नव्हताच. तो होता तीन किलोमीटरवरच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, आणि फोन करणारा त्याचा पुतण्या पुण्यात. देवळापाशी दोन कुत्री तेवढी जागी होती. शेवटी आवाज ऐकून एक पोरगं बाहेर आलं, मोटारसायकल काढून पुढं झालं आणि त्यानं वाट दाखवली. आम्ही पोचलो तेव्हा फोन होऊन पन्नास मिनिटं झाली होती. त्यातली एकवीस मिनिटं आमची गाडी गावातच गिरक्या घेत होती.

१०८ च्या गाडीवर, म्हणजे सरकारी अॅम्ब्युलन्सवर, डॉक्टर म्हणून मी नऊ वर्षं बीड, परभणी, लातूर या पट्ट्यात फिरलो. ड्रायव्हरनं कितीही रेटलं तरी रस्त्यावर दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त वाचत नाहीत. अर्धा-पाऊण तास जातो तो त्याआधी: 'बघू सकाळी' म्हणण्यात, भावकीला विचारण्यात, पत्ता सांगण्यात आणि मग चुकीच्या दवाखान्याच्या दारात. हा वेळ गावाला वाचवता येतो. कसा, ते क्रमानं सांगतो.

आधी एक कागद

वहीचं एक पान घ्या. वर जिल्हा, तालुका, गाव, जवळचं मोठं गाव आणि फाटा लिहा. फाट्यापासून किती किलोमीटर आणि कुठल्या हाताला वळायचं, तेही लिहा. शेतवस्तीवर किंवा तांड्यावर राहत असाल तर मोबाइलमधलं लोकेशन घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आजच टाकून ठेवा, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको. आखाड्यावर रेंज कुठं येते ते घरातल्या पोराबाळांनाही माहीत पाहिजे. कुठं विहिरीच्या कठड्यावर येते, कुठं लिंबाखाली.

त्याखाली गाड्या. क्रुझर, पिकअप, जीप कुणाकडं आहे, रात्री किल्ली कुठं असते आणि मालक गावाला गेला असेल तर चालवणार कोण. दोन ड्रायव्हर लिहा, एकावर भिस्त ठेवू नका. मग आशाताईंचा नंबर, प्राथमिक आरोग्य केंद्राचा, तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा. शेवटी घरातल्यांची दुखणी: कुणाला बीपी, कुणाला शुगर, कुणाला फिट येते, कुठल्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांची नावं लिहिता येत नसतील तर पाकिटांचे फोटो काढून ठेवा.

हा कागद कपाटात ठेवू नका. लाइटच्या बोर्डाशेजारी चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या गावाचा तालुकासुद्धा आठवत नाही, हे मी कितीदा तरी फोनवर ऐकलंय.

फोनवर काय बोलायचं

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली. तेव्हा राज्यभरात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ गाड्या व्हेंटिलेटर वगैरे साधनं असलेल्या, बाकीच्या ७०४ साध्या. गाडीवर डॉक्टर असतो आणि पैसे लागत नाहीत. गरोदर बाईला आणि बाळंतिणीला न्या-आणायला १०२ आहे. पोलिसांसाठी ११२.

तुमचा फोन उचलणारा माणूस पुण्यातल्या केंद्रात बसलेला असतो. त्याला तुमचा मारुती माहीत नाही. म्हणून जिल्ह्यापासून सुरुवात करा: जिल्हा, तालुका, गाव, फाटा, खूण. मग काय झालंय ते एका वाक्यात. 'लई सीरियस आहे' यातून त्याला काही कळत नाही. 'माणूस बेशुद्ध आहे, श्वास घरघरतोय' म्हटलं की कळतं. तो विचारेल ती उत्तरं द्या, त्यानं ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. फोन पेशंटजवळच्या माणसानं करावा, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकानं नव्हे. आणि एकदा फोन झाला की तो नंबर मोकळा ठेवा. आम्ही वाट विचारायला फोन लावतो तेव्हा तिकडं पाहुण्यांना बातमी देणं चालू असतं.

एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा. मोबाइलची नको, हातातली मोठी.

गाडी कुठून निघाली ते नक्की विचारा. ती चाळीस मिनिटांवर असेल आणि तुमच्या दारात क्रुझर उभी असेल, तर वाट बघत बसू नका. गाडीवरच्या डॉक्टरशी बोला आणि अर्ध्या वाटेत कुठं भेटायचं ते ठरवा: अमुक पेट्रोल पंप, तमुक फाटा. मात्र माणसाचा श्वास थांबला असेल तर हलवाहलव नको. तिथंच छाती दाबत राहायचं.

पहिल्या मिनिटात तीन गोष्टी बघायच्या

हाक मारून खांदा हलवा. बोलतोय का? नाकाशी कान नेऊन छातीकडं बघा, दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. श्वास नीट चालू आहे का? मग अंगाखाली, कपड्यात हात फिरवा. रक्त वाहतंय का?

बोलत नाही पण श्वास नीट चालू आहे, असा माणूस कुशीवर करा. उताणा ठेवला तर जीभ नाहीतर उलटी घशात अडकते. तोंडात पाणी, साखर, कांद्याचा रस काहीही घालू नका.

बोलत नाही आणि श्वासही नाही, किंवा पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा मधूनच आ करतोय, तर हृदय बंद पडलंय असं समजा. त्या आ करण्याला लोक 'धुगधुगी आहे' म्हणतात आणि बघत बसतात. माणूस हातचा जातो तो इथंच. बाजेवर असेल तर खाली जमिनीवर घ्या. बाज खोलगट असते, सगळा जोर सुंभात जिरतो. छातीच्या मधोमध तळहाताचा गादीचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर आत जाईल इतकं दाबा आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. दोन मिनिटांत दाबणारा थकतो, मग माणूस बदला. शिकलेला असेल त्यानं ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. नुसतं दाबत राहिलं तरी चालतं. बुडालेल्याचं आणि लहान मुलांचं मात्र वेगळं, तिथं श्वास दिलेच पाहिजेत. शेततळ्यातून काढलेल्या पोराला उलटं धरून गरगर फिरवण्यात जीव वाचवायची मिनिटं जातात.

बरगडी मोडेल म्हणून हात आखडू नका. मोडलेली बरगडी दीड महिन्यात जुळते.

पान लागलं, म्हणजे साप चावला तर

मृग लागला की आमच्या गाडीला हीच कामं. मराठवाड्यात जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चौघांवर इंजेक्शन एकच चालतं. म्हणून साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. त्या नादात दुसऱ्याला चावल्याचं मी पाहिलंय. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

काय करायचं? माणसाला बसवा, धीर द्या, चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय काठी नाहीतर पट्टी लावून मोडलेल्या हाडासारखा स्थिर बांधा, आवळून नाही. अंगठी, बांगड्या, कडं, पायातली जोडवी आणि काळा दोरा लगेच काढा. घोणसाच्या विषानं पाय तासाभरात कोहळ्यासारखा होतो. मग जोडवं कापायला पक्कड शोधावी लागते आणि बोटही जातं. चावल्याची वेळ कागदावर लिहा. सूज कुठवर आली तिथं पेनानं रेघ मारा आणि शेजारी वेळ टाका. ती रेघ दवाखान्यातल्या डॉक्टरला फार कामाला येते.

चिरा नको, चोखणं नको, बर्फ नको, करकचून दोरी नको. कुणी आधीच दोरी बांधली असेल तर वाटेत झटक्यात सोडू नका. साठलेलं विष एकदम अंगात उतरतं आणि श्वास बंद पडू शकतो. ती दवाखान्यात, सगळी तयारी ठेवूनच सोडतात.

मण्यारीचं वेगळं सांगायला पाहिजे. ती रात्री अंथरुणात चावते, दुखत नाही, खूणही बऱ्याचदा दिसत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे उठतो, पोट दुखतंय म्हणतो, घसा धरलाय म्हणतो. घरचे ओवा देतात. तासाभरात पापण्या पडायला लागतात. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाचं पोट पहाटे दुखलं आणि पापण्या जड झाल्या, की मण्यार समजून निघा. वाटेत श्वास मंदावला तर तोंडानं श्वास देत राहा. या विषानं हृदय आधी थांबत नाही, श्वासाचे स्नायू थांबतात. दवाखान्यापर्यंत कुणी श्वास देत राहिलं तर माणूस परत येतो.

देवाला नेण्याबद्दल मी भांडत नाही. नवस बोला, फक्त गाडीत बसून बोला.

विंचवाचंही थोडं. लाल विंचू चावल्यावर नुसती आग होत असेल तर भीती कमी. पण दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या किंवा खोकला सुरू झाला तर तो हृदयावर गेलाय. यावर प्राझोसिन ही साधी गोळी चालते हे जगाला दाखवलं ते आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, महाडला काम करताना. गोळी डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची.

फवारणीचं औषध पोटात गेलं किंवा अंगावर आलं तर

मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. ताकही नको. उलटी छातीत उतरते आणि विषाआधी तीच मारते. कपडे काढा, साबण आणि भरपूर पाणी घालून अंग धुवा, केससुद्धा. धुणाऱ्यानं हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात, नाहीतर तेही औषध त्याच्या कातडीतून जातं. डाव्या कुशीवर ठेवा. लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर ही फवारणीच्या बऱ्याच औषधांची लक्षणं. त्यांवर अॅट्रोपिन चालतं, म्हणून वाटेत आरोग्य केंद्र असेल तर तिथं थांबा. बाटली किंवा डबा सोबत घ्या. लेबल फाटलं असलं तरी त्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विष किती कडक ते सांगतो.

आणि खरं सांगा. 'चुकून पाणी समजून घेतलं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! पोलिसांच्या धाकानं लपवलं की औषधाचं नाव, किती घेतलं, कधी घेतलं, सगळंच खोटं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं अशा माणसाला गुन्हेगार न धरता ताणाखालचा माणूस धरलं आहे. तो वाचून घरी आला की १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरावर बोला. फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

छातीत दुखणं

"गॅस झालाय" हे आपल्याकडचं सगळ्यात महागडं निदान. छातीवर दगड ठेवल्यासारखं, डाव्या हातात नाहीतर जबड्यात कळ, आणि त्याबरोबर गार घाम. घाम आला की पित्ताची गोळी आणि सोडा विसरा. शुगरवाल्यांना आणि बायकांना कळ येतच नाही कधीकधी. नुसता दम लागतो, गळून जातं.

बसवा, चालवू नका. अॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅमच्या आसपास चावून खायला द्या: ३२५ ची एक किंवा ७५ च्या चार. अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल, रक्ताची उलटी किंवा काळी शी होत असेल तर देऊ नका. शेजाऱ्याच्या खिशातली जिभेखालची गोळी देऊ नका, बीपी पडलेला असेल तर तिनं माणूस कोसळतो.

आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. एकदा परळीच्या बाजूला आमची गाडी समोरून येत होती आणि आमचाच पेशंट शेजारून मोटारसायकलवर उलट्या दिशेनं गेला. मागचा त्याला मिठी मारून बसलेला, पेशंटचे पाय रस्त्यावर घासत होते. चपला कधीच गळून पडल्या होत्या. गाडी वळवून गाठलं तेव्हा तो मागच्याला म्हणाला, "दाजी, लई घाम येऊलालाय हो." तो वाचला, तो नशिबानं.

जवळ जिथं ईसीजी निघतो तिथं आधी जा. पोचल्यापासून दहा मिनिटांत पट्टी निघायला हवी, ती मागून घ्या आणि फोटो मोठ्या दवाखान्याला पाठवायला सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या बारा तासांत देता येतं, पण पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर त्याचा गुण वेगळाच.

बाकीची, थोडक्यात

हडंब्यात (मळणी यंत्रात) किंवा कडबा कुट्टीत हात गेला तर आधी मशीन बंद. जखमेवर स्वच्छ गमछाची घडी दाबून धरा, दहा मिनिटं उघडून बघू नका. हळद, चहापत्ती, तंबाखू काही नको. तरीही रक्त उसळत असेल तरच जखमेच्या वर, सांधा सोडून, चार बोटं रुंद पट्टी काठीनं पिळून बांधा आणि वेळ लिहा. तार किंवा सुतळी नको. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ फडक्यात, ते पिशवीत, ती पिशवी बर्फात. बर्फाला बोट थेट लागू देऊ नका.

तोंड वाकडं, एक हात पडला, बोलणं बोबडं: लकवा. माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ लिहा. साडेचार तासांच्या आत इंजेक्शनचा उपयोग होतो, त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून सीटी असलेल्या दवाखान्यातच चला. पाणी पाजू नका, ते छातीत जातं.

ऊन लागून माणूस बरळायला लागला, अंग भाजतंय: आधी गार करा, मग गाडी. सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवा. तापाच्या गोळीचा इथं उपयोग नाही.

वीज पडली तर माणसाच्या अंगात करंट राहत नाही, हात लावा. अनेक जण पडले असतील तर मेल्यासारखा दिसतो त्याच्याकडं आधी जा. ओरडणारा थोडा वेळ थांबू शकतो.

बाळंतीण वाटेत झाली तर बाळ पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि वरून पांघरूण घाला. नाळ घाईनं कापू नका, ओढू नका. रक्त थांबत नसेल तर वार पडल्यावर बेंबीखाली हातानं चोळत गर्भाशय घट्ट करा.

रस्त्यावरचा अपघात, त्यातून साखर कारखान्यांच्या दिवसांत बिनलाइटच्या ट्रॉलीवर आपटलेला: डोकं आणि मान एका रेषेत धरून तिघा-चौघांनी उचला. हेल्मेट ओढू नका. पोलिसांची भीती नको. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या उपचारांची कॅशलेस योजनाही आहे. दाखल करताना आठवणीनं विचारा.

चिखलातून रस्त्यापर्यंत

काळी माती भिजली की पाणंदीत १०८ येत नाही, जीपही येत नाही. तेव्हा बाज. चार माणसं चार खुरांना, दोन बदलीला, एक पुढं बॅटरी धरून. पेशंट साडीनं बाजेला बांधा, पायांकडची बाजू पुढं, डोक्याकडचा माणूस चेहऱ्यावर नजर ठेवून. दम लागलेल्याला झोपवू नका, टेकवून बसवा. गरोदर बाई डाव्या कुशीवर. गाडीत मागं बसणाऱ्यानं मोबाइल खिशात ठेवून श्वास मोजायचे.

कुठल्या दारात जायचं

पेशंटला तात्पुरतं सावरून धरणारा दवाखाना आणि शेवटचा, पूर्ण उपचार करणारा दवाखाना हे वेगळे असतात. सर्पदंशाचं इंजेक्शन, अॅट्रोपिन, सलाइन, ऑक्सिजन यांसाठी वाटेतलं आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय उपयोगाचं. पण निघतानाच फोन करून विचारा: इंजेक्शन आहे का, डॉक्टर आहेत का. किनवटहून नांदेड अडीच-तीन तासांची वाट, तिथं वाटेतला पहिला डोस हाच उपचार. लकवा, डोक्याचा मार, पोटातला रक्तस्राव यांत मात्र अधेमधे थांबून वेळ घालवू नका. सरळ छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर किंवा नांदेडचं मेडिकल कॉलेज, जे जवळ पडेल ते.

एका दवाखान्यातून पुढं पाठवलं तर पत्र मागा: काय दिलं, किती वाजता दिलं. माझ्या सख्ख्या मामाला एका दवाखान्यानं कोऱ्या हातानं पुढं पाठवलं. दुसरीकडं सगळं पहिल्यापासून सुरू झालं. तेव्हापासून मी कागद हातात आल्याशिवाय गाडी हलवली नाही.

तीन तासांची शिकवणी

गावातले दहा जण पुरेत: आशाताई, दोन ड्रायव्हर, एक शिक्षक, बचत गटातल्या चार जणी, दोन तरणी पोरं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला बोलवा. छाती दाबायचा सराव घट्ट भरलेल्या सरकीच्या पोत्यावर करा, गुडघे दुखेपर्यंत. एका डब्यात हातमोजे, कात्री, रुंद पट्ट्या, अॅस्पिरिन, ओआरएस, कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर नव्या सेलसकट, आणि मोठी बॅटरी. डबा ग्रामपंचायतीत कुलपात नको, ज्याचं दार रात्री वाजवलं तर उघडतं त्याच्या घरी ठेवा.

मग एक दिवस, शक्यतो अमावास्येच्या आसपास, रात्री नऊला खोटा पेशंट करा. लांबच्या आखाड्यावर एकाला झोपवा आणि त्याला डांबरी रस्त्यापर्यंत आणायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. गेवराईजवळच्या एका गावात आम्ही हे केलं तेव्हा पहिल्या खेपेला सत्तेचाळीस मिनिटं लागली, कारण क्रुझरच्या किल्लीवाला लग्नाला गेला होता आणि दुसऱ्या ड्रायव्हरचा नंबर बंद पडलेला होता. त्यांनी कागदावर तो खोडला, नवा लिहिला. पुढच्या महिन्यात एकोणीस.